चार दिवस जालन्याच्या मुलखात

जालना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतात त्या बियाण्यांच्या पिशव्या, लोखंडी सळया आणि मोसंबी. 'मुलांना घेऊन जालना जिल्हा फिरायला निघालोय' असं सांगितलं, तेव्हा पुण्यातल्या माझ्या शेजारणी हसल्याच. "म्हणजे वेरूळ-अजिंठ्याला ना?" वेरूळ-अजिंठा शेजारच्या जिल्ह्यात, छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादकडे. जालन्याला थांबून कोण काय बघणार, असा सगळ्यांचा सूर. पण मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही चार दिवस ह्याच जिल्ह्यात काढले आणि चार दिवस अपुरे पडले!

ह्या सुटीला एक कारण होतं. आमचं मूळ गाव अंबड तालुक्यातलं. सासूबाई आजवर तिथं एकट्या राहत होत्या. आमच्याकडे मराठवाड्यात सासूला आत्याबाई म्हणतात, मीही तसंच म्हणते. आत्याबाईंनी ऐंशी ओलांडली, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि दिवाळीनंतर त्यांनी आमच्याकडे पुण्याला कायमचं यायचं ठरलं. घराला कुलूप लागणार होतं. त्यांनी एकच मागणं घातलं. "जायच्या आधी माझा मुलूख एकदा डोळे भरून बघू द्या. लेकरांनाही दाखवू. पुन्हा कोण आणतंय मला इकडं?"

मुलांची तक्रार वेगळीच होती. त्याच उन्हाळ्यात माझी लंडनची नणंद मुलांना घेऊन ग्रीसच्या क्रीट बेटावर जाऊन आली होती. भूमध्य समुद्रातलं हे लांबट बेट अडीचशे किलोमीटरच्या आसपास पसरलेलं. तिनं पाठवलेले फोटो बघून आमची दोघं वेडी झाली होती. तिथं युक्तास नावाचा एक डोंगर आहे. दुरून बघितला तर दाढीवाला माणूस आभाळाकडे तोंड करून झोपलाय असं दिसतं. बेटावरची माणसं म्हणतात, हा देवांचा राजा झ्यूस, इथंच त्याला पुरलंय. "आत्याच्या बेटावरच्या डोंगरांना गोष्टी आहेत," धाकटी फुरंगटून म्हणाली, "आजीच्या गावाला काय आहे?"

आत्याबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी दाखवते."

माशाच्या पोटातली देवी

अंबड जालन्याच्या दक्षिणेला, सुमारे पंचवीस किलोमीटरवर. गावालगत टेकडीवर मत्स्योदरी देवीचं देऊळ आहे. पायथ्याशी गेलं की नुसत्या पायऱ्याच दिसतात. म्हणून आत्याबाईंनी गाडी अलीकडेच शेतांपाशी थांबवायला लावली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, बोंडं फुटलेला कापूस, मध्येच नुकती उगवलेली ज्वारी. "आता बघा नीट. तोंड कुठंय, शेपूट कुठंय?" थोरल्याला लगेच दिसलं, धाकटीला काही केल्या दिसेना. मग आजीनं तिचं बोट धरून हवेत टेकडीची रेघ ओढली. हे डोकं, ही पाठ, ही निमुळती शेपूट. "अगं बाई, मासाच आहे!" धाकटी ओरडली.

मत्स्योदरी म्हणजे माशाच्या उदरातली. टेकडी मासा, आणि देवी त्याच्या पोटात. क्रीटचा झोपलेला झ्यूस आणि अंबडचा मासा, दोन्हीकडे माणसानं डोंगराकडे बघितलं आणि त्यात आपला देव ओळखला. फरक एवढाच, की क्रीटच्या चहूबाजूंना समुद्र आहे, आणि आमच्या ह्या माशापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर! हा सगळा मुलूख पावसाच्या भरवशावर जगणारा. १९७२ चा दुष्काळ आत्याबाईंनी ऐन संसारात काढला. २०१२-१३ च्या दुष्काळात तर ह्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या. अशा कोरड्या मुलखात बायकांनी देवीला माशाच्या पोटी बसवावं, ह्याचा अर्थ मला तरी पायऱ्या चढता चढता उमगत गेला.

अंबड हे नाव अंबऋषीवरून, म्हणजे अंबरीष राजावरून आलं असं सांगतात. राज्यकारभाराचा कंटाळा आला म्हणून हा राजा इथल्या टेकडीतल्या गुहेत येऊन राहिला. भागवतातल्या अंबरीषाची कथाही आत्याबाईंनी पायरीवर बसून सांगितली. राजानं एकादशीचं व्रत केलं, द्वादशीला पारण्याची वेळ टळत आली, आणि जेवायला बोलावलेले दुर्वास ऋषी नदीवर स्नानाला गेले ते परतेचनात. पाहुण्याआधी जेवावं तर अपमान, न जेवावं तर व्रतभंग. राजा घोटभर पाणी प्यायला. तेवढ्यावरून ऋषी भडकले, आणि शेवटी विष्णूचं सुदर्शन चक्रच त्यांच्या मागे लागलं. "पाहुण्याची वाट बघत उपाशी राहणं काय असतं ते बायकांना विचारा," आत्याबाई म्हणाल्या. देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्या चार अनोळखी बाया खळखळून हसल्या.

पुढे अंबड होळकरांकडे आलं. इथल्या जुन्या देवळा-बारवांच्या संदर्भात अहिल्याबाईंचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. नवरात्रात इथं मोठी यात्रा भरते. गर्दी नको असेल तर मात्र नवरात्र टाळून जावं.

जांबची आई

दुपारी जांब समर्थला गेलो. घनसावंगी तालुक्यातलं हे गाव म्हणजे समर्थ रामदासांचं जन्मस्थान. १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई ह्यांच्या पोटी नारायण जन्मला, तो इथं. गावात राममंदिर आहे, रामनवमीचा उत्सव मोठा असतो. एरवी मात्र शांत. पारावर म्हातारी माणसं, ओट्यावर वाळत घातलेल्या डाळी, आणि देवळात गारवा.

गोष्ट सगळ्यांना पाठ असते. लहानगा नारायण अंधाऱ्या खोलीत जाऊन बसला, आईनं विचारलं तर म्हणाला, जगाची काळजी करतोय. लग्नाला तयार होईना, तेव्हा आईनं शब्द घेतला की अंतरपाट धरेपर्यंत नाही म्हणायचं नाही. त्यानं शब्द पाळला. बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा राहिला, भटजी 'सावधान' म्हणाले आणि हा खरोखरच सावध होऊन पळाला! नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप, मग बारा वर्षं भारतभ्रमण. चोवीस वर्षांनी परत दारात उभा राहिला, तेव्हा रडून रडून आईचे डोळे गेले होते. मुलानं डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिला दिसायला लागलं.

मुलांना पळून जाण्याचा भाग फार आवडला. पण आत्याबाई ही गोष्ट सांगताना दोन ठिकाणी थांबतात. आधी बोहल्यापाशी. "पाटावर उभी असलेल्या त्या पोरीचं कोणी काही विचारत नाही. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेली. मोठी माणसं गोष्टीतून पुढं निघून जातात, ती तिथंच उभी राहती." मला त्या पोरीचं नाव ठाऊक नाही, पण त्या दिवसापासून जांबची गोष्ट तिला सोडून आठवत नाही.

दुसऱ्यांदा त्या थांबतात राणूबाईच्या दृष्टीपाशी. थोरल्यानं विचारलं, "आजी, खरंच चमत्कार झाला?" त्या म्हणाल्या, "चोवीस वर्षांनी लेकरू दारात आलं, तर कोणत्या आईला दिसायचं नाही? त्यात चमत्कार कसला!" आमचे हे देवळाच्या खांबाला टेकून बसले होते. पुण्याला नोकरी लागली त्याला त्यांना तीसेक वर्षं झाली. ते काही बोलले नाहीत. उठून आईसाठी पाणी घेऊन आले.

राजूरचा टाकलेला बाळ

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे निघालो. राजूर भोकरदन तालुक्यात, जालन्याहून पंचवीस किलोमीटरच्या आसपास. टेकडीवर राजूरेश्वर गणपतीचं मंदिर आहे. महाराष्ट्रातल्या गणपतीच्या साडेतीन पीठांत ह्याची गणना करतात. संकष्टीला, त्यातून अंगारकीला, जालन्याहून लोक रात्रीचे चालत निघतात. आत्याबाईही नव्या नवरी असताना चालत आल्या होत्या. ते सांगताना त्यांचा आवाज पंचवीस वर्षांच्या बाईसारखा झाला!

ह्या स्थानाशी गणेशपुराणातल्या वरेण्य राजाची कथा जोडलेली आहे. वरेण्याची राणी पुष्पिका बाळंत झाली. तिचं बाळ राक्षसीनं पळवलं, आणि तिच्या कुशीत देवानं ठेवलेलं बाळ होतं हत्तीच्या तोंडाचं. राजानं ते पाहिलं आणि अशुभ म्हणून रानात टाकायला लावलं. पराशर ऋषींना ते सापडलं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी वत्सला ह्यांनी ते पोटच्या पोरासारखं वाढवलं. तोच गजानन. त्यानं पुढे सिंदुरासुराला मारलं. वरेण्य पस्तावून शरण आला, तेव्हा गजाननानं बापाला जो उपदेश केला ती गणेशगीता.

आता क्रीटमधली गोष्ट ऐका. झ्यूसचा बाप क्रोनॉस स्वतःचीच मुलं गिळत असे. म्हणून आई रिया हिनं बाळ झ्यूसला त्या बेटावरच्या डोंगरातल्या गुहेत लपवलं. तिथं अमाल्थिया नावाच्या बकरीनं त्याला दूध पाजलं. बाळ रडलं तर बापाला ऐकू जाऊ नये म्हणून राखणदार ढालींवर भाले आपटत नाचत. माझ्या नणंदेनं ती गुहा बघितली होती. तिचा फोन आला तेव्हा धाकटीनं तिला दिमाखात सांगितलं, "आत्या, आपल्याकडे पण टाकलेलं बाळ आहे, आणि त्याला बकरी नाही, खरी आई मिळाली!"

आत्याबाईंना मात्र पुष्पिकेची काळजी. "राजानं तिला विचारलं होतं का, बाळ ठेवू की टाकू?" मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या वर्गात कोणी बोबडं असतं, कोणी लंगडं. कोणी हसलं की राजूरचा गणपती आठवायचा." दिसण्यावरून टाकलेल्या मुलाला आपण आज पहिल्या पूजेचा मान देतो, हे मी किती वर्षं डोळ्यांआड केलं होतं, असं मनात आलं.

भोकरदनची सुंदरी

राजूरहून पुढे भोकरदन. केळणा नदीच्या काठचं हे आजचं तालुक्याचं गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं इतकी सधन होती, की मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपासाठी दान देणाऱ्यांमध्ये भोगवर्धनच्या रहिवाशांची नावं कोरलेली सापडतात. नदीकाठी खडकात कोरलेलं छोटंसं लेणं आहे, आत शेषावर पहुडलेला विष्णू.

भोकरदनची खरी नवलाई जमिनीखाली होती. १९७३ साली इथं नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केलं, त्यात सातवाहन काळातल्या वस्तूंबरोबर हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला. अगदी तशाच घडणीची मूर्ती त्याआधी १९३८ मध्ये सापडली होती, आणि ती कुठं, तर इटलीतल्या पॉम्पेई शहरात! इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते शहर. पॉम्पेईची मूर्ती जेमतेम पंचवीस सेंटिमीटर उंच. कोपरापर्यंत बांगड्या, पायांत जड तोडे, कमरेला मेखला, पाठीवर केसांचा थाट, दोन बाजूंना दोन चिमुकल्या दासी. आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या आसनाचा पाय, असा अंदाज आहे. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. दोन्हींतलं साम्य पाहून काही अभ्यासक म्हणतात, पॉम्पेईची सुंदरी भोकरदनच्याच कारागिरांच्या हातची असू शकेल.

म्हणजे क्रीटचे फोटो पाहून आम्ही हरखलो खरे, पण आमच्याकडची सुंदरी कदाचित दोन हजार वर्षांपूर्वीच भरूचसारख्या बंदरातून तांबडा समुद्र ओलांडून त्या भूमध्य समुद्राकाठी जाऊन बसली होती! मोबाइलवर तिचा फोटो बघून आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "तोडे आमच्या आजेसासूचे असेच होते. चालता यायचं नाही त्या जडपणानं."

नदीचा उतार आणि अन्व्याचं देऊळ

भोकरदनच्या पूर्वेला असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची इथं घनघोर लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. इंग्रज जिंकले, पण त्यांचीच दीड हजारांहून अधिक माणसं मेली नि जखमी झाली.

आम्ही गेलो तेव्हा शेतांत हरभरा कोवळा होता आणि नदीच्या पाण्यात बगळे उभे होते. लढाईची गोष्ट मुलांना ह्यांनी सांगितली. वाटाडे म्हणत होते, केळणेला इथं उतार नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून पाहिलं, तर नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं. त्यानं ताडलं की समोरासमोर गावं आहेत म्हणजे लोक नदी ओलांडत असणार, उतार असलाच पाहिजे. आणि होता. आत्याबाई पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "ह्यात दुर्बीण कशाला? पलीकडच्या काठाला लेकी दिलेल्या असतील, तर वाट असणारच की!" मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य नाही, पण मला ते लढाईच्या साऱ्या नकाशांहून पटलं.

तिसऱ्या दिवशी भोकरदनच्या वायव्येला, अजिंठ्याच्या डोंगराकडे झुकलेल्या अन्वा गावी गेलो. आज महादेवाचं म्हणवणारं इथलं देऊळ सुमारे बाराव्या शतकातलं, मुळात विष्णूचं. कोरीव खांबांचा मंडप असा, की मान मोडेपर्यंत वर बघत राहावं. बाहेरच्या भिंतीवर हातांत विष्णूची आयुधं घेतलेल्या स्त्रीमूर्ती आहेत, ह्या विष्णूच्या शक्ती. शंख, चक्र, गदा घेऊन उभ्या असलेल्या बाया बघून धाकटीनं विचारलं, "आजी, ह्यांची गोष्ट?" आत्याबाईंना ती ठाऊक नव्हती. त्यांनी एकेका मूर्तीला हात जोडले आणि म्हणाल्या, "ही तू मोठी होऊन शोध, आणि मला सांग."

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने ह्या भागात हिंडायला उत्तम. नद्यांना पाणी असतं, शेतं हिरवी असतात, ऊन सोसवतं. एप्रिल-मे मात्र टाळाच. मनमाड-नांदेड रेल्वेमार्गावर जालना स्टेशन आहे आणि समृद्धी महामार्गही जालन्याजवळून जातो. अंबड, राजूर, भोकरदनला एस. टी. मिळते. जांब, असई, अन्व्यासाठी स्वतःची गाडी बरी. मुक्कामाला जालना शहर सोयीचं. तिथं एक संध्याकाळ मोती तलावाकडे काढा. 'जालना, सोने का पालना' ही जुनी म्हण तिथं कोणीतरी ऐकवेलच!

आडवाटेला खाण्याची सोय धरून चालू नका. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, ठेचा नि कांदा. धपाटे पहिल्या दिवशीच संपवावेत. पाण्याचा मोठा कॅन भरून घ्या. म्हातारं माणूस बरोबर असेल तर पायऱ्यांची देवळं सकाळी दहाच्या आत करा, आणि गाडीत एक घडीचं स्टूल ठेवा. आत्याबाई जिथं स्टुलावर बसल्या, तिथं गावातली कोणी ना कोणी बाई येऊन बसली आणि आम्हाला नवी गोष्ट मिळाली.

आणि एक वही जरूर न्या. देवळाच्या फलकावर राजाचं नाव असतं, सन असतो. बोहल्यावरची पोरगी, कुशीतलं बाळ गेलेली राणी, नदीपलीकडे दिलेल्या लेकी ह्या फलकावर नसतात. त्या कुणाच्या तरी आजीच्या सांगण्यात असतात, आणि ती आजी गावातून उठली की डोंगर डोंगरच राहतो, मासा दिसेनासा होतो. क्रीटच्या लोकांनी आपल्या डोंगराची गोष्ट जपली म्हणून लंडनहून माणसं ती बघायला जातात. आपल्या गोष्टी लिहून ठेवायला तर विमानाचं तिकीटही लागत नाही.

चौथ्या दिवशी आम्ही घर आवरलं. येसराचा डबा, पितळी समया आणि देव गाडीत घेतले. तुळशीला पाणी घालायचं शेजारच्या वहिनींनी कबूल केलं, किल्लीही त्यांच्याकडेच दिली. पुण्याच्या वाटेवर धाकटीच्या वहीत एकोणीस गोष्टी झाल्या होत्या. विसावी अर्धी राहिली, कारण सांगता सांगता आत्याबाईंना झोप लागली. पुढच्या नवरात्रात मत्स्योदरीला जायचं त्यांनी ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. रजेचा अर्ज आत्तापासूनच टाकायला मी ह्यांना सांगितलंय.